जोडीकाम म्हणजे काय, हे मला एका खेळानं शिकवलं



आपल्या पाठ टाचणात एक शब्द हमखास असतो : जोडीकाम. डी.एड.ला असताना मी तो लिहिला आणि नोकरीला बारा वर्षं झाली तरी लिहीतच आहे. हुशार मुलाशेजारी मागे पडलेलं मूल बसवायचं, दोघांना मिळून स्वाध्याय सोडवायला सांगायचं, आणि पुढच्या रकान्यात ‘जोडीकाम उत्तम’ असं लिहून टाकायचं. तुम्हीही हेच करत असाल तर हा लेख जरूर वाचा. कारण जोडीनं काम करणं म्हणजे काय, हे मला गेल्या उन्हाळ्यात पुण्यात कळलं, आणि तेही चक्क प्लॅस्टिकच्या राक्षसांशी लढताना.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेले होते. माझा भाचा अकरावीत आहे. त्याला वॉरहॅमर नावाच्या खेळाचं वेड. हा खेळ १९८३ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, भुतं, राक्षस, ड्रॅगन यांचे सुटे भाग आणायचे, ते चिकटवायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे आणि टेबलावर डोंगर-वाडे मांडून त्यांची लढाई खेळायची. पुढे किती सरकायचं ते इंच टेपनं मोजायचं, वार लागला की हुकला ते फाशावर ठरायचं. भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून एक छोटीशी जोडी स्पर्धा ठेवली होती. आठ जोड्या, दिवसभरात तीन सामने. आदल्या दिवशी याच्या जोडीदाराला ताप आला.

“मावशी, तू चल ना. मी सगळं सांगतो तुला.”

त्या ‘मी सगळं सांगतो’ मध्येच गोम होती, ती मला नंतर कळली.

स्पर्धेचा नियम साधा होता. प्रत्येकानं हजार गुणांची आपापली फौज आणायची, दोघांची मिळून दोन हजारांची. एक सामना पाच फेऱ्यांचा. टेबलावर काही मोक्याच्या जागा ठरलेल्या, त्या जो जास्त वेळ धरून ठेवील त्याला गुण. म्हणजे नुसती मारामारी करून भागत नाही. कुणी जागा धरायची, कुणी पुढे जायचं, हे दोघांनी ठरवावं लागतं.

पहिल्या सामन्यात भाचा म्हणाला, “मावशी, हे इथे ठेव. आता हे सरकव. आता फासे टाक.” मी ठेवलं, सरकवलं, टाकले. का ठेवलं, विचारू नका. आम्ही हरलो. दुसऱ्या सामन्यातही तेच. मधेच माझ्या मनात एक चाल आली होती, पण म्हटलं, जाऊ दे, याला जास्त कळतं. हळूहळू माझं टेबलाकडचं लक्षच उडालं. मी खिडकीबाहेर बघत बसले. भाच्यानं हाक मारली की फासे टाकायचे, एवढंच माझं काम.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची एक जोडी बघत होते. त्यातल्या एकानं अगदी उघड चुकीची चाल केली. मला नवखीला कळली, तर त्याच्या जोडीदाराला नक्कीच कळली असणार. पण तो गप्प राहिला. मी नंतर त्याला विचारलं, तर म्हणाला, “चाल त्याची होती. खेळायच्या आधी आम्ही बोलतो, पण हात लावत नाही. त्याची फौज मीच खेळलो, तर समोरच्यांना दोन डोक्यांना हरवायचंच नाही, एकालाच हरवलं की झालं.”

तिसऱ्या सामन्याला बसताना मी भाच्याला म्हटलं, “बाळा, या वेळी मला चुकू दे.” त्याला ते जड गेलं, पण त्यानं ऐकलं. माझ्याकडे डाव्या बाजूची एक टेकडी होती. समोरून त्यांचा ड्रॅगन आला. मागे हटावं की थांबावं? मी थांबले. पाचव्या फेरीपर्यंत माझे दहातले दोनच सैनिक उरले, पण टेकडी आमच्याकडेच राहिली आणि तेवढ्या वेळात भाच्यानं उजवी बाजू मारली. सामना बरोबरीत सुटला. बक्षीस वगैरे काही नाही. पण खरं सांगते, त्या दोन सैनिकांचा मला जो आनंद झाला, तसा बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

परत येताना एसटीत मात्र मला माझ्या वर्गातला तिसरा बाक आठवत राहिला.

मी गंगाखेड तालुक्यात राणीसावरगावच्या परिसरात शिकवते. त्या बाकावर एक हुशार मुलगा आणि त्याच्याशेजारी एक मुलगी बसते. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळे तिची दरवर्षी पाच-सहा महिने शाळा बुडते. म्हणून मी मुद्दाम ही जोडी लावली होती. तिची वही नीटनेटकी, उत्तरं बरोबर. पण ती उत्तरं त्याची होती. ती फक्त फासे टाकत होती. आणि मी गेलं वर्षभर ‘जोडीकाम उत्तम’ लिहीत होते. खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या पोरीला मी कितीदा रागावले असेन! आता कळलं, ती बाहेर का बघत होती.

मंडळी, खेळातून लढाई शिकवणं काही नवं नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशा आणि फासे घेऊन युद्धाचे डाव खेळायला लावत. एच. जी. वेल्स या लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकातून मांडले. आणि आपल्याकडे तर दिवाळीत पोरं किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडतातच. फरक एवढाच की आपले मावळे मांडले की तिथेच उभे राहतात. मी ठरवलं, त्यांना चालवायचं.

चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये शिवछत्रपतींचा इतिहास आहे. त्यातली घोडखिंडीची लढाई १३ जुलै १६६० ची, म्हणून जुलैतच डाव मांडला. मुलांनी ओढ्याकाठच्या काळ्या मातीचे मावळे केले, वाळवले, हळद-कुंकू आणि चुन्यानं रंगवले. फासे लुडोचे. वर्गाच्या फरशीवर खडूनं खिंड काढली, आणि तिथून ६० सेंटीमीटरवर विशाळगड.

खेळ दोन जोड्यांचा. पहिल्या जोडीतला एक जण बाजीप्रभू, त्यानं खिंड धरायची. दुसऱ्याकडे महाराजांचा जथा, त्यानं गड गाठायचा. समोरच्या जोडीत एक जण पाठलाग करणारा सिद्दी मसूद. दुसऱ्याकडे विशाळगडाला वेढा घालून बसलेल्या सुर्वे-दळव्यांचे मोर्चे. फाशावर जेवढे पडतील त्याच्या दुप्पट सेंटीमीटर जथा पुढे सरकणार. खिंडीत एका वेळी तीनच मावळे उभे राहणार, चार, पाच किंवा सहा पडले तर वार लागणार. जथ्यानं हवं तर आपली चाल सोडून एक मावळा मागे खिंडीकडे पाठवायचा. हा निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा.

आणि मुख्य नियम, जो मी पुण्याहून आणला : चालीआधी एक मिनिट बोला, पण जोडीदाराच्या मावळ्याला हात लावायचा नाही.

तिसऱ्या बाकावर ती बाजीप्रभू झाली आणि तो जथा घेऊन निघाला. पहिल्याच फेरीत त्याचा हात सवयीनं तिच्या मावळ्याकडे गेला. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली,

“हात नको लावू. कोयत्यात दोघं असतेत. बापू तोडतेत, माय मोळी बांधती. बापूनं मोळी बांधाया घेतली तर तोडायचं कोण?”

वर्ग शांत. तुम्हाला माहीतच आहे, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल घेताना मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जे मला पुण्याच्या टेबलावर तीन सामने खेळून कळलं, ते या नऊ वर्षांच्या पोरीला फडातच कळलेलं होतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, एवढंच.

तो डाव ते हरले. जथा गडापासून सहा सेंटीमीटरवर असताना खिंड पडली. पण तिनं हरल्यावर जे सांगितलं ते मी लिहून ठेवलंय. “सहातले तीन आकडे माझे व्हते. म्हंजी अर्ध्या टायमाला लागायला पायजे. चार बारी नाही लागलं. यानं एक मावळा माघारी धाडला असता तर जमलं असतं.” अपूर्णांकाचा पाठ मी तिला दोनदा शिकवला होता. तो तिला या दिवशी कळला. आणि त्यानंही मान हलवून कबूल केलं, की घाई झाली.

आता गोड शेवट लिहायचा मोह होतोय, पण तसा तो नाही. दिवाळीच्या तोंडावर टोळी निघाली. हंगामी वसतिगृहाचं मी आईवडिलांना समजावून सांगितलं. आई म्हणाली, “मॅडम, धाकटं पोरगं फडात कोण सांभाळंल?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, सोबत एक वही, दोन फासे आणि तिचे चार मावळे दिले. एका खेळानं स्थलांतर थांबत नाही, हे मला पक्कं कळलं.

पण वर्गात एक गोष्ट झाली. त्या मुलाशेजारी आता दुसरा मुलगा बसतो, वाचनात थोडा मागे आहे. परवा गणित सोडवताना तो अडला. हा पेन्सिल उचलून पुढे झाला, थांबला, आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, “मी नाही लावणार हात. तू सांग आधी.”

तुमच्या वर्गात जोडीकाम घेणार असाल तर माझ्या अनुभवातून एवढंच सांगते. दोघांना एकच काम देऊ नका, एकमेकांवाचून अडेल असं वेगवेगळं काम द्या. बोलायला वेळ द्या, पण हात लावायला बंदी घाला. हरल्यावर कारण विचारा, आणि ते आधी गप्प बसणाऱ्या मुलाला विचारा. पालकांनाही हेच. अभ्यास घेताना पोराच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका.

टोळी होळीनंतर परतेल. तेव्हा घोडखिंड पुन्हा मांडायची आहे. या वेळी जथा तिच्याकडे देणार आहे.