झिजणारा जबडा

कीड नव्हती, ठणका नव्हता, तरी डावीकडच्या खालच्या दाढा हलायला लागल्या. एक काढली, तर शेजारची हलू लागली. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला तेव्हा जबड्याचं हाडच त्या बाजूला पुसट झालेलं दिसलं.

मग भेटेल तो विचारू लागला : तंबाखू खाता? मिश्री लावता? आमच्या सांगलीकडे जबडा म्हटला की कॅन्सर, आणि कॅन्सर म्हटला की तंबाखू. मी कधी मिश्रीला बोट लावलेलं नाही. पण तसं सांगूनही समोरच्याच्या डोळ्यांतला संशय जाईना, त्याचा मला फार त्रास झाला. आणि समजा, खाल्ली असती तंबाखू, तरी आजारी माणसाची उलटतपासणी कशाला?

बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. टीबी नाही, मायलोमा नाही, पॅराथायरॉइडही ठीक. सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. हाड मात्र झिजतच होतं. अखेर पुण्याच्या सर्जननी नाव सांगितलं : गोरहॅम-स्टाउट. एका तपासणीत पकडता येईल असा हा आजार नाही. बाकीचे सगळे आजार एकेक करून बाद करावे लागतात, आणि हाडाच्या जागी पातळ भिंतीच्या वाहिन्यांचं जाळं वाढलेलं दिसावं लागतं. १८३८ साली बॉस्टनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दंडाचं हाड नाहीसं झालेल्या माणसाची हकिगत आली होती. १९५५ मध्ये गोरहॅम आणि स्टाउट यांनी अशा २४ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. जगभरात आजवर नोंदलेले रुग्ण काही शेच असतील. हा आजार आनुवंशिक नाही हे कळलं, तेव्हा लेकीच्या काळजीनं अडकलेला माझा श्वास मोकळा झाला.

भाकरी आता दुधात कुस्करून खाते. जांभई आली की हनुवटीला हाताचा आधार देते, कारण उरलेलं हाड सहज मोडू शकतं. झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन लागतं, सिरोलिमसच्या गोळ्या सुरू आहेत. या सलाइननंतर दात उपटणं धोक्याचं, म्हणून हलणारे दातही जपते. या आजारात छातीत लसीकाद्रव साठला तर जिवावर बेततं. धाप लागली तर तडक या, असं डॉक्टरांनी बजावलंय.

पायातलं हाड घेऊन जबडा नव्यानं बांधता येतो. पण आजार जागा असताना तो नवं हाडही खाऊन टाकू शकतो. ताज्या स्कॅनमध्ये झीज पुढे सरकलेली नाही. असंच आणखी काही काळ राहिलं, तर ऑपरेशनचं ठरवू, असं सर्जन म्हणालेत. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे.