आधीची तयारी

बी.एड.ला असताना प्रत्येक पाठाचे टाचण आधी काढावे लागे. उद्दिष्टे, साहित्य, फलकलेखन, सगळे कागदावर उतरवल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचे नाही. मूल होण्याचेही असे टाचण काढावे लागेल, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

सातवीत असताना, 2002 साली, मला टाइप वन मधुमेह निघाला. शरीर इन्सुलिन बनवीतच नाही, म्हणून दिवसातून चार वेळा सुई. लग्नाच्या वेळी ही गोष्ट लपवायची नाही, असे अब्बांनी ठरवले. दोन स्थळे चहा पिऊन गेली ती पुन्हा फिरकली नाहीत. तिसरे टिकले. 2018 मध्ये निकाह झाला आणि मी सोलापुरात नांदायला आले.

2021 मध्ये दिवस राहिले. ठरवून नव्हे. सासूबाईंनी तर शेजारणीला सांगूनही टाकले. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. तेव्हा माझे एचबीएवनसी 9.8 होते. या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज कळतो. आम्हां शिक्षकांच्या भाषेत सत्राचा निकाल. गोड खाल्ले असेल, जिने चढली असेल, नजर लागली असेल, असे बायका बोलत राहिल्या. मी स्वतःशी जे बोलले ते त्याहून वाईट होते.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. त्या वेळचे कारण साखरच होते असे छातीठोक सांगता येत नाही. पण वाढलेल्या साखरेने धोका वाढतो, हे नक्की. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते. हृदयही त्याच सुमारास घडत असते. तोवर आईची पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली असते. कित्येकींना तर पत्ताही नसतो. आईचे इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, साखर मात्र जाते. म्हणून दिवस राहिल्यावर पथ्य सुरू करणे म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर पुस्तक उघडणे. आधी एचबीएवनसी 6.5च्या खाली आणायचे, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासून घ्यायची, डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, थायरॉइड तपासायचे. रक्तदाबाची माझी गोळी गरोदरपणात चालणारी नव्हती, ती बदलली. आणि हे सगळे जमेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत.

घरात अडले ते या शेवटच्या वाक्यावर.

"देनेवाला अल्ला है, तू कौन रोकनेवाली?" सासूबाई म्हणाल्या. अज़्लविषयीची हदीस मला ठाऊक होती, पण सासूसमोर तो शब्द उच्चारणार कोण? मी गप्प राहिले. यांनीच सांगितले, "अम्मा, वो रोक नहीं रही, तैयारी कर रही है." त्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भर मे महिन्यात दुपारभर लाइट गेली. मी शाळेच्या कामावरून परतले तर फ्रिजमधल्या माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या पिशवीत गुंडाळून, ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवलेल्या. घरात दुसरे कुणीच नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

साखर खाली आणायला गेले की ती कधी फारच खाली जाते. एकदा चौथीला मराठी शिकवताना मी फळ्यावर मराठी शब्द उजवीकडून लिहू लागले. मुले हसली. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र उठली, टेबलाच्या खणातून ग्लुकोजचा डबा काढून माझ्या हातात दिला. सुरुवातीलाच वर्गाला शिकवून ठेवले होते, ते कामी आले. दंडावर लावायच्या सेन्सरने असे प्रसंग आधी कळतात. पण तो चौदा दिवसांनी बदलावा लागतो, आणि दर वेळी तो खर्च झेपत नाही. म्हणून बोटेच टोचते, दिवसाला सात-आठ वेळा.

बाळालाही हा आजार होईल का, हे विचारायचे धाडस मला तिसऱ्या भेटीत झाले. आईला असेल तर शंभरात साधारण दोन-चार मुलांना होतो, असे उत्तर मिळाले. हा आकडा मला सकाळी लहान वाटतो, रात्री मोठा. माझे वय पस्तीस. थांबण्याचीही किंमत असते, हे डॉक्टरीणबाईंनी लपवले नाही.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आला. रात्री जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी विचारले, "कित्ता आया?"

"6.8."

"होना कित्ता?"

"6.5."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तीनच कम करना है फिर," म्हणाल्या, आणि माझ्या ताटातली दुसरी भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली.