पांढरीचा रंग

रिसोड रस्त्यानं वाशिमात शिरताना डाव्या हाताला एक नवं घर उभं राहिलंय. आतबाहेर सगळं राखाडी, खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या पांढऱ्या. परवा त्या घराच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे होते. मालक बाहेर आले तसं त्यांनी आपुलकीनं विचारलं, "काम तं बेस झालं भाऊ, पण रंग कवा देता?" मालक म्हणाले, "देला न आबाजी, हाच तं रंग आहे." आबाजींनी भिंतीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि "बरं हाय" म्हणून सायकलवर टांग टाकली.

तो टेकवलेला तळवा माझ्या मनातून जाईना. रंग पाहायचा असतो, हात लावून अजमावायचा नसतो. पण या एका रंगाला आमच्याकडे हातानंच ओळखायची रीत आहे.

आमच्या लहानपणी घराला चार-पाचच रंग ठाऊक. चुना, त्यात नीळ टाकली की आकाशी. मग पिस्ता, गुलाबी, आणि दुकानांना पिवळा. दसऱ्याच्या आधी बाजूला ड्रममध्ये चुना फसफसायचा आणि गल्लीभर त्याचा उग्र, स्वच्छ वास असायचा. आता पाटणी चौकातल्या दुकानात शेड कार्ड उघडलं की राखाडीच्याच पट्ट्या संपत नाहीत. एक निळ्याकडे झुकलेला, एक हिरव्याकडे, एकात तपकिरीची झाक. कागदावर सगळे सारखे, भिंतीवर गेले की भांडायला उठतात. उत्तरेच्या खोलीत निळसर राखाडी दिला तर घर आजारी दिसतं. पश्चिमेच्या खोलीत तोच रंग संध्याकाळच्या उन्हात मऊ होतो. म्हणून जाणता पेंटर आधी भिंतीवर हातभर पट्टा मारून देतो आणि म्हणतो, सकाळी बघा, दिवेलागणीला बघा, मग बोला.

पण मी खरा राखाडी पाहिला तो शेड कार्डाच्या कितीतरी आधी, मालेगाव तालुक्यातल्या आजोळी.

गावाची जमीन दोन प्रकारची: पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. काळी म्हणजे कपाशी-तुरीची, आता सोयाबीनची जमीन. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पीक डोलतं, पण तिची भिंत उभी राहत नाही. आजी म्हणायची, "काळीची भित उलते, पांढरीची बसते." पांढरी नावालाच पांढरी. ती खरी राखाडी. पिढ्यान्पिढ्या चुलीतली राख, शेण, कुजलेलं कुटार, पडलेल्या भिंतींची माती एकावर एक साचून गावाखालची टेकडी उंच होत जाते आणि तिची माती फिकी, भुसभुशीत, राखेच्या रंगाची होते. काळ्या मातीवर माणसं पुरेसा काळ राहिली की तिचा असा रंग होतो. उत्खनन करणारेही जुन्या वस्तीची जागा या मातीवरून ओळखतात.

दिवाळीच्या आधी आजी गढीच्या पडक्या कडेची माती आणायला निघायची. मी टोपलं घेऊन मागे. कुदळ लागली की मातीतून खापराचे तुकडे निघायचे, बांगडीची काचेची कड, कधी एखादा दगडी मणी. कापलेल्या कडेत थर दिसायचे: राखेचा, भाजल्या तांबड्या मातीचा, पुन्हा राखेचा. आजी खापर बाजूला ठेवायची आणि माती चाळायची. मग अंगणात मातीचं आळं, मधे पाणी, शेण, गव्हाचं बारीक कुटार. ते पायानं तुडवायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी मामी भिंतीला लिंपण घालायला बसायच्या, उजव्या हाताच्या चार बोटांनी, खांद्यापासून अर्धवर्तुळं ओढत. ओली भिंत काळपट दिसायची, काळीचीच वाटावी अशी. दुपार चढली की वरून रंग उतरायला लागायचा. आधी आढ्याजवळ फिकी रेघ, मग ती रेघ सावकाश खाली. बोटांच्या कमानी ओल्यात दिसत नसत, त्या आता दिसायच्या. संध्याकाळपर्यंत जमिनीलगतची ओल सोडून सगळी भिंत राखाडी. शेवटी पांढरीच्याच पातळ पाण्याचा पोतेरा. मी त्या भिंतीला गाल लावून बसायचो. थंड असायची, आणि बोटं लागली की बोटांना पिठासारखं काही चिकटायचं.

त्या भिंतीपुढे आजीचं हिरवं लुगडं जसं हिरवं दिसायचं तसं पुन्हा कुठं दिसलं नाही. मिरच्यांची माळ, पितळी लोटा, देवळीतल्या दिव्याची काजळी, लग्नातले कुंकवाचे पंजे, सगळं उजळून यायचं. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ साली यावर मोठा ग्रंथच लिहिला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असताना त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यानं तपासलं तर धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा दिसत होता. राखाडीला हा शेजार सगळ्यात जास्त बाधतो. लालाशेजारी तो हिरवट वाटतो, पिवळ्याशेजारी जांभळट. पण तो स्वतः कोणाला फारसा बिघडवत नाही. म्हणून सिनेमाचे रंग जुळवणारे लोक आपल्या खोलीच्या भिंती निखळ राखाडी ठेवतात, आणि छायाचित्रकार उजेड मोजायला १८ टक्के प्रकाश परतवणारं करडं कार्ड जवळ बाळगतात.

मातीच्या लिंपणावर असे रंग उजळून येणं आपल्या वाशिमला नवं नाही. हे गाव वाकाटकांचं वत्सगुल्म. त्यांच्यातल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं दान दिलं. तिथल्या चित्रांखाली काय आहे? माती, तूस, वनस्पतींचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात. तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती जवळपासची. निळा तेवढा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. लिंपणारे हात कोणाचे होते याची नोंद कुठल्याच शिलालेखात नाही. मला ते मामीच्या बोटांसारखेच वाटतात, खांद्यापासून ओढलेले.

गढीची माती आता ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. खत म्हणून ती चांगली आहे, शेतकऱ्याला दोष देणार नाही. तरी कड कापली जाते तेव्हा खापरासह गावाचं सगळं जगणं उपसलं जातं, आणि एखाद्या शिक्षकानं निदान ती कड पोरांना दाखवून आणावी असं मला कळकळीनं वाटतं.

राख मात्र भिंतीत परत आली आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जळून उरलेल्या अशा राखेच्या विटा होतात, ती सिमेंटातही जाते, आणि काळी जमीन फुगू नये म्हणून रस्त्याखाली चुन्याबरोबर मिसळतात. आजीचं पांढरीचं शास्त्र अभियंत्यांनी प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा सिद्ध केलं.

सध्या कारंज्याला ताईच्या घराचं रंगकाम निघालंय, तेव्हा माझी मतं तिला ऐकावी लागतात. राखाडीत पिवळ्या कावेची किंचित झाक हवी, नाहीतर तो दवाखान्यासारखा गार पडतो. चकचकीत फिनिश नको, मॅट हवं, म्हणजे उजेड भिंतीवर ठरतो. स्वयंपाकघराला मुळीच नको. तिथं आधीच उजेड कमी. बाहेरून अगदी फिका, कारण वैशाखात गडद भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते घरात ओकते. शिवाय सोयाबीन काढणीची धूळ नेमकी दिवाळीच्या तोंडावर उडते, फिक्या राखाडीवर ती डोळ्याला टोचत नाही. देवघराला चुनाच.

बंगईच्या मागच्या भिंतीवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. ताईला तिथं राणी रंग हवा आहे, आणि राखाडीच्या सोबतीनं राणी रंग पेटून उठतो हे मला मान्य आहे. पण बंगईच्या साखळ्या पितळेच्या, आणि पितळेला मागं शांत भिंत लागते. पेंटर पट्टे मारून गेलाय, दोन्ही रंगांचे. ताई म्हणते, भाऊबीजेला येशील तेव्हा ठरवू. मी म्हणतो, तोवर सामान कुठं ठेवणार?