अकरावी साडी

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर अनवाणी चढावे लागते. सहाशेहून अधिक पायऱ्या डोंगराच्याच कातळात कोरलेल्या आहेत. ऊन चढले की त्या तापतात, म्हणून आम्ही पहाटेच निघालो. खाली दोन टेकड्यांच्या मधोमध कल्याणी तलाव, पलीकडे बुटका चंद्रगिरी, आणि मागे धर्मशाळेतल्या माझ्या पिशवीत एक कोरी साडी.

तिची हकिकत सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी दसलक्षण पर्वात मी मनाशी नियम केला होता : वापरात दहाच साड्या ठेवायच्या. कपाट मोकळे झाले, सकाळची घालमेल संपली. पुढे भाच्याच्या लग्नात दादाने माहेरची साडी हातात ठेवली. भावाला नाही कसे म्हणावे? ती अकरावी. ना नेसले, ना कुणाला दाखवली. कपाट उघडले की मात्र चोरी केल्यासारखे वाटे. क्षेत्रावर कुणाला तरी देऊन मोकळे व्हावे, एवढ्यासाठी ती बरोबर आणली होती.

वर पोहोचलो तेव्हा उजाडले होते. सुमारे 57 फूट उंचीची ती अखंड पाषाणमूर्ती गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. चरणांपाशी मराठी शिलालेख आहे. परमुलखात आपली अक्षरे दिसली की ऊर भरून येतो. पायांशी वारुळे, मांड्या-बाहूंवर चढलेल्या वेली. राज्य, वस्त्रे, सारे टाकून बाहुबली वर्षभर उभे राहिले, तरी केवलज्ञान अडून राहिले होते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात त्याचे कारण येते : माझ्यामुळे भरताला क्लेश झाला, ही एक रुखरुख अंतरी उरली होती. भरताने येऊन पूजा केली आणि ती गळाली.

मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. साडी पिशवीत होती, पण तिची रुखरुख मी दोन वर्षे उराशी धरली होती. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह ओळखला तो मूर्च्छेवरून, वस्तूंच्या मोजदादीवरून नव्हे. आणि समंतभद्राचार्यांनी श्रावकाच्या या व्रताला इच्छापरिमाण असेही नाव दिले आहे. महाव्रत मुनींचे, आपले अणुव्रत, ज्याची मर्यादा आपणच आपल्या संसाराकडे पाहून आखायची. विधिपूर्वक घेतलेले व्रत मोडले तर त्याला प्रायश्चित्त आहे, त्याची गोष्ट निराळी. माझा नियम मीच केलेला, आणि दहाचा आकडासुद्धा कपाटाच्या खणावरून ठरलेला!

मूर्तीसमोर, प्राकाराबाहेर, गुळ्ळकायज्जीची प्रतिमा आहे. चामुंडरायांनी घडेच्या घडे दूध आणले, पण ते मांड्यांखाली उतरेना; या वृद्धेच्या फळाच्या कवचातल्या घोटभर दुधाने मस्तकापासून चरणांपर्यंत अभिषेक झाला, अशी कथा. तिच्याजवळ थोडे होते हे आपण नेहमी सांगतो. ते तिने संकोच न धरता आणले, हे मला त्या दिवशी जाणवले.

दुसऱ्या दिवशी चंद्रगिरीवर जाताना मी ती साडी नेसले. ह्यांनी विचारले, "नवी का?"

"माहेरची. दोन वर्षे झाली."

सध्या कपाटात अकरा साड्या आहेत. जांभळी फार विरली आहे. पावसाळ्याआधी तिची गोधडी शिवायला घेईन.