लांबचा झेल

डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का? मी म्हटलं, दिव्यांचं जाऊ द्या, मला सेकंड बेस दिसत नाही. त्याला वाटलं म्हातारा विनोद करतोय. त्याने मोतीबिंदू असं लिहिलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

एकवीस वर्षं मी न्यू जर्सीतल्या शाळांच्या मैदानांवर बेसबॉलचे कॅचर मोजतोय. पोटापाण्याची नोकरी औषधांच्या प्रयोगशाळेतली, ती केव्हाच संपली. हे चालू आहे. हुद्दा असोसिएट स्काउट, म्हणजे एका मोठ्या क्लबचा बिनपगारी डोळा. आम्ही चिठ्ठी पाठवायची, आणि स्वतः येऊन बघायचं की नाही ते वरच्या एरिया स्काउटने ठरवायचं. मुंबईत असताना कांगा लीगच्या चिखलात यष्टिरक्षण केलं होतं, म्हणून इथे आल्यावर पिचरपेक्षा त्याच्यासमोर उकिडव्या बसलेल्या पोराकडेच लक्ष जायचं. यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले, त्यांत १६ यष्टिचीत केले आणि पुढे निवड समितीवर बसले. यष्टिरक्षकाला दुसऱ्याचे हात वाचता येतात, असं त्या उदाहरणावरून मी स्वतःला पटवून दिलेलं होतं.

पण क्लबला वाचन नको असतं, आकडा हवा असतो. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये शिरल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. अंतर १२७ फूट ३ इंच ३ सूत. मोठ्या लीगची सरासरी दोन सेकंद. आमच्या २० ते ८० च्या मोजपट्टीवर तो पन्नासचा माणूस. शाळकरी पोराने २.०५ दिला तर मी वही नीट धरतो, २.२० दिला तर सॅंडविच सोडतो. मधल्या पंधरा शतांशांत पोराचं कॉलेज, बापाची स्वप्नं आणि माझी अब्रू, सगळं बसवलेलं असतं.

सामन्यात स्टील, म्हणजे रनरने बेस चोरायला धावणं, होतात किती? कधी एकही नाही. म्हणून आम्ही डावांच्या मधल्या फेकीवर जगतो. पिचरचा सरावाचा शेवटचा चेंडू, कॅचर ओरडतो, उठतो, सेकंडला फेकतो. सात डावांत फार तर सात फेकी, त्यांतल्या दोन आळसातल्या, एक पिचरच्या डोक्यावरून सेंटर फील्डला. उरलेल्या चारांसाठी मी मार्चमधल्या वाऱ्यात चाळीस मैल गाडी मारून जातो.

स्टॉपवॉच सुरू करणं हे काम नव्हे. चेंडू येताना दिसतो, मिट समोर असतं, अंगठा आधीच दबायला निघालेला असतो. तिथे सवय पुरते. गाडं अडतं दुसऱ्या टोकाला. लांबचा झेल होताना ना लय असते ना खात्री. फेक उंच येते, शॉर्टस्टॉप पुढे सरकून घेतो, कधी बेसच्या आत दोन फूट घेतो म्हणजे आकडा फुकटात कमी होतो, कधी चेंडू टप्पा खातो. आणि हे सगळं बॅकस्टॉपच्या जाळीतून, पाऊणदोनशे फुटांवरून बघायचं. एकवीस वर्षांत त्या एका क्षणाबद्दल जेवढा विचार केला तेवढा प्रपंचाबद्दल केला नसेल. चेंडू ग्लव्हच्या कडेला लागला तेव्हा थांबवायचं की ग्लव्ह मिटला तेव्हा? एका शतांशाचा फरक, मान्य. पण एकेक शतांश सोडत गेलो तर हातात राहायचं काय?

तर गेले दोन हंगाम मला कॅचर बिघडलेले दिसत होते.

आकडे वर जात होते. जिथे पूर्वी २.०६ येई तिथे २.१८. मी कारण शोधलं आणि मला ते लगेच सापडलं, इथेच खरं तर संशय यायला हवा होता. कारण म्हणजे गुडघा. हल्ली पोरं एक गुडघा जमिनीवर टेकून बसतात. खालचा चेंडू अलगद वर आणून अंपायरकडून स्ट्राइक पदरात पाडून घेता यावा म्हणून. हे फ्रेमिंगचं वेड. बसलेला माणूस उठणार कधी आणि फेकणार कधी, हा माझा मुद्दा. तो मी एरिया स्काउटला ऐकवला, इतर स्काउटांना ऐकवला, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत, ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशा चार सज्जनांनाही मोदक खाता खाता ऐकवला. पुरावा म्हणून मोठ्या लीगचे आकडे फेकायचो: २०२२ साली २,४८६ स्टील, २०२३ साली ३,५०३! बघा, कॅचर संपले. त्या वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले होते आणि पिचरने रनरला कितीदा अडवायचं यावर बंधन आलं होतं, हे मला ठाऊक होतं. सांगताना मी तेवढं गाळत असे.

माझ्याबरोबर सध्या मित्राची मुलगी येते. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळली, कॅचरच होती. तिला हे काम शिकायचंय. तिच्याकडे स्टॉपवॉच नाही, फोन आहे, सेकंदाला २४० चित्रं काढणारा. एप्रिलमधल्या एका दुपारी तिने चारही फेकी चित्रागणिक मोजल्या आणि माझी वही मागितली. माझा प्रत्येक आकडा तिच्यापेक्षा मोठा. एकात अकरा शतांश, एकात चौदा, बाकीचे मध्ये. मी म्हटलं, तुझा फोन तपासून घे. ती काही बोलली नाही. पुढच्या डावात तिने फेकीकडे पाहिलंच नाही, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही कानाने थांबवताय."

मी चिडलो. तिने शांतपणे हिशोब मांडला. आवाज सेकंदाला साधारण अकराशे पंचवीस फूट जातो. सेकंड बेस ते होम प्लेट एकशे सत्तावीस, प्लेटपासून आमची खुर्ची पंचेचाळीस. ग्लव्हचा आवाज आमच्यापर्यंत यायला पंधरा शतांश. कान डोळ्यापेक्षा थोडा चपळ, त्याने दोन-चार भरून काढले. बाकीचे मी पोरांच्या खात्यात टाकत होतो.

मला कळलंच नव्हतं. लांबचा झेल धूसर होत गेला तसा कान आपणहून पुढे सरकला असावा, घरात एक माणूस आजारी पडला की दुसरा न सांगता त्याची कामं उचलतो तसा. मी मात्र पूर्वीसारखा डोळे रोखून बसायचो आणि मला वाटायचं मी बघतोय.

त्या रात्री झोप नाही. थंडीत आवाज हळू जातो, म्हणजे मार्चमधली चूक मेपेक्षा मोठी. किती, ते काढलं: शतांशाहून कमी. खुर्ची कुठे होती यावर जास्त अवलंबून. पहिल्या बेसच्या बाजूला बसलो असेन तर हिशोब वेगळा. बायको म्हणाली, दोन वाजलेत. मी म्हटलं, दोन पूर्णांक किती?

आता ज्यांच्यावर मी दोन वर्षं तोंडसुख घेत होतो, त्यांच्याबद्दल. माझा डोळा गेला म्हणून ते काही संत ठरत नाहीत. पैसे घेऊन पोरांची प्रदर्शनं भरवणारे आहेत. तिथे बॅटर नाही, रनर नाही, चेंडू कुठे येणार ते ठाऊक; पोरगं झेलायच्या आधीच अर्धं उठलेलं आणि प्लेटच्या पुढे दोन पावलं झेपावलेलं. आकडा १.८५. मोठ्या लीगमध्ये असा आकडा देणारा माणूस शोधावा लागेल, आणि इथे पंधरा वर्षांच्या मुलाचा बाप तो फोनवर दाखवत फिरतो. फेक बेसच्या कुठल्या बाजूला गेली, टॅग करायला हात किती लांबवावा लागला, हे त्या आकड्यात नाही. माझ्याही नव्हतं म्हणा.

फ्रेमिंगवाल्यांचा मात्र परस्पर निकाल लागतोय. २०२६ पासून मोठ्या लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइकला यंत्रापुढे आव्हान देता येतं. ती बातमी आली तेव्हा मला झालेला आनंद अशोभनीय होता.

आमच्या धंद्यातल्या मोठ्या चुकांच्या गोष्टी आम्ही चवीने सांगतो. क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये १९६६ साली न्यूयॉर्क मेट्सने सगळ्यांत आधी उचलला तो शाळकरी कॅचर स्टीव्ह चिलकॉट. खांद्याने दगा दिला, मोठ्या लीगचा एक सामना नशिबात नाही. त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर गेला तो पुढे मोठ्या लीगचा तारा ठरलेला रेजी जॅक्सन. उलट बाजूला आमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातला माइक पियाझा: १९८८, ६२ वी फेरी, १,३९० वा क्रमांक, तोही वडिलांची त्या क्लबच्या मॅनेजरशी, टॉमी लासोर्डाशी, मैत्री म्हणून, तेव्हा कॅचरही नव्हता. २०१६ साली हॉल ऑफ फेममध्ये. या गोष्टी सांगताना हसू येतं, कारण त्या दुसऱ्यांच्या चुका असतात.

माझी चूक कुठल्या यादीत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात एक पोरगा होता, रुंद खांद्यांचा, शांत, मिटमधून हातात चेंडू घेताना बोटं दिसायची नाहीत. ते बघून मला दादरची ओली मॅटिंग आठवली होती. तीन सामन्यांत २.१७, २.१६, २.१९. चिठ्ठीत लिहिलं: हात सुंदर, खांदा ४०, येण्याची गरज नाही. तो आता छोट्या कॉलेजात खेळतो, शिकतोय, बरा आहे. तेरा वजा केले तर २.०४. त्याचं माझ्यामुळे नुकसान झालं असं मी मित्राच्या मुलीला जड आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या एका चिठ्ठीवर एवढं चालतं?" चालत नाही. माझ्या चांगल्या चिठ्ठ्यांवरही चाललेलं नाही. एकवीस वर्षांत माझा एकही पोरगा वर पोचलेला नाही. अपराधाच्या निमित्ताने मी जरा भाव वाढवून घेत होतो.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर लांबचा झेल ती बघते, मी जवळचा. तिला मान्य नसतं तेव्हा ती फोन पुढे करते, मी वही.

जुन्या वह्या दुरुस्त करायला बसलो होतो. लाल पेनने प्रत्येक आकड्यातून बारा-तेरा वजा करायचे. पण कुठल्या पानापासून? कान कधी पुढे आला त्याची नोंद नाही. मागे मागे जात एका पानावर अडकलोय. सामना पावसाने थांबलेला, शाई थोडी उतरलेली, आणि त्यात माझ्या आयुष्यातली सगळ्यांत गाजलेली चिठ्ठी: २.०१, स्वतः येऊन बघा. एरिया स्काउट आला होता, त्याच्या घड्याळातही तसंच काहीतरी आलं होतं. म्हणजे तेव्हा डोळा शाबूत होता. पण त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला होता, आणि आता आठवतं, त्याने आकडा सांगण्याआधी माझ्या वहीत डोकावून पाहिलं होतं.