घट्ट धरलेलं मनगट

कबड्डी खेळलेल्या माणसाला मनगट कसं धरायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. तोक्योत नोकरीसाठी आलो आणि आयकिदो सुरू केलं, तेव्हा ही सवय बरोबर आलीच. धरायचं तर मनापासून धरायचं, मग समोरचा काय करतो ते बघू.

आयकिकाई या आयकिदो संस्थेचा होम्बु दोजो, म्हणजे मुख्य आखाडा, शिंजुकूतल्या वाकामात्सु-चोमध्ये आहे. सकाळी साडेसहाचा वर्ग म्हणजे निशि-कासाईहून अंधारात निघायचं. तासभर बहुधा एकच जोडीदार. चार वेळा त्याने पाडायचं, चार वेळा आपण. बोलणं जवळजवळ नाहीच.

एकदा साठीपलीकडचे एक गृहस्थ जोडीला आले. शिहोनागे हा मनगट धरलेल्याला पाडायचा डाव चालला होता. मी मनगट असं आवळलं की त्यांचा हात हलेना. त्यांनी ओढाताण केलीच नाही. मोकळ्या हाताची मूठ माझ्या नाकापुढे आणून थांबवली, बस्स. माझी मान आपोआप मागे गेली, खांदा उचलला गेला, आणि तेवढ्यात ते माझ्या पाठीशी पोचले होते. शिहोनागे राहिलं बाजूला, इरिमिनागे या दुसऱ्याच डावाने मी आडवा. जोर लावून धरणाऱ्याचं सगळं वजन त्या एका हातात अडकलेलं असतं. बाकीचं अंग मोकळंच पडतं. प्रवाहीपणा म्हणतात तो मला तिथे कळला. एक वाट बंद झाली की हट्ट न करता दुसरी धरायची. हातांच्या डौलदार वळणांशी त्याचा फारसा संबंध नाही.

वर्ग संपल्यावर विचारलं, हे रस्त्यावर चालेल का? ते हसले. ‘इतक्या वर्षांत रस्त्यावर कोणी माझं मनगट धरलंच नाही हो!’ मग त्यांनाच कबड्डीची पकड बघायची हौस आली. मी घोटा धरला. त्यातून मात्र त्यांना सुटता येईना.

रस्त्यावर चालेल का, ही शंका जुनीच आहे. आयकिदोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबांना स्पर्धा नको होत्या. पण त्यांचे शिष्य केंजी तोमिकी हे आधी जुदोवाले, जुदोचे संस्थापक जिगोरो कानोंकडे शिकलेले. विरोध न करणाऱ्यावर केलेला डाव खरा किती, हे कळायचं कसं, म्हणून त्यांनी आयकिदोत लढती आणल्या. एकाच्या हातात नरम सुरा, दुसरा रिकाम्या हाताने. दुसरे शिष्य गोझो शिओदा. त्यांच्या योशिनकान दोजोमध्ये तोक्योचे दंगलविरोधी पोलीस महिनोन् महिने घाम गाळतात. पोलिसांना नुसत्या डौलाचा काय उपयोग? प्रात्यक्षिकांत मात्र पडणाराच अर्धं काम करतो, हे मी पडून पडून सांगतो.

तोमिकींचा क्लब वासेदा विद्यापीठात आहे, आमच्या दोजोपासून चालत जाण्याजोगा. तो सुरा एकदा अंगावर घेऊन बघायचाय.