शेवटची पंधरा मिनिटे

कथेला आदि, मध्य आणि अंत असतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे वर्गात सांगताना आम्ही कधी अडखळलो नव्हतो. तो अंत कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न मात्र त्या तासाला कोणी विचारीत नाही. आम्हांला तो पडला ७ मार्च २०१८च्या रात्री, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातून बाहेर पडून महामार्गाच्या बाजूने चालत असताना.

आम्ही पाचजण होतो. दोघे मराठी शिकवणारे, तिघे शिकणारे. सगळे राजगुरुनगरचे किंवा त्याच्या आसपासचे. त्या दिवशी इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना पुण्यात होता. एफसी पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू एफसी. पुण्याचा संघ प्रथमच इतक्या पुढे आला होता. तिघा विद्यार्थ्यांतली एक मुलगी वाड्याकडच्या एका वस्तीवरची. शाळेच्या मैदानावर मुलांच्या बरोबरीने फुटबॉल खेळलेली. पण दिव्यांच्या प्रकाशातला खरा सामना तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या वडिलांची परवानगी आम्ही दोघा शिक्षकांनी घरी जाऊन मिळवली होती. अट एकच : रात्री वाड्याला जायला वाहन नसते, तेव्हा मुलगी बाराच्या आत राजगुरुनगरला मावशीच्या घरी पोचली पाहिजे.

बालेवाडी ते राजगुरुनगर हे अंतर चाळीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर तो तासा-दीड तासाचा प्रवास आहे. गाडी नसेल तर तोच तीन-चार तुकड्यांचा होतो : संकुलापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालणे, मग रिक्षा, मग नाशिक फाट्याकडे जाणारे काही मिळाले तर ते, आणि भोसरीहून चाकणमार्गे शेवटची गाडी. राजगुरुनगरला रेल्वे नाही. सामना रात्री आठला सुरू होणार होता. आम्ही कागदावर उलटे गणित मांडले. बाराला मावशीचे घर, म्हणून अमुक वाजता भोसरी, म्हणून अमुक वाजता रिक्षा. ते गणित मागे सरकत सरकत सामन्याच्या पंचाहत्तराव्या मिनिटावर येऊन थांबले. नव्वद मिनिटांच्या खेळातली पंचाहत्तर मिनिटे आमची होती.

त्या पंचाहत्तर मिनिटांत गोल झाला नाही. आम्ही उठलो तेव्हा सगळा प्रेक्षकवर्ग पुढे झुकून बसला होता. गुडघे आडवे करीत, क्षमा मागत, रांगेतून बाहेर पडणे ही एक शरमेची गोष्ट असते. नाटकाच्या तिसऱ्या अंकात उठणाऱ्याकडे लोक जसे पाहतात तसेच आमच्याकडे पाहिले गेले. बाहेर आल्यावर पदपथ होता तिथवर आम्ही पदपथावरून चाललो. तो संपला तिथे वाहनांच्या दिव्यांकडे तोंड करून, एकामागे एक. मागून मैदानाचा आवाज येत होता. तो एकदा एकदम चढला. आम्ही सगळेच थांबलो. गोल झाला की हुकला, हे आवाजावरून कळेना. मुलगी म्हणाली, ‘‘सर, आपण कान लावून पुस्तक वाचतोय.’’

निकाल आम्हांला मोबाइलवर कळला : शून्य-शून्य. म्हणजे उठून आल्यावर काहीच घडले नाही, आम्ही काहीच गमावले नाही, असे आमच्यापैकी एकजण रिक्षात म्हणाला. त्यावर कोणी बोलले नाही. भोसरीची गाडी मिळाली. दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या कामगारांनी ती भरलेली होती. आमच्या गळ्यातले संघाचे केशरी पट्टे पाहून एकाने विचारले, ‘‘कोण जिंकलं?’’ ‘‘बरोबरी,’’ आम्ही म्हणालो. ‘‘शेवटी काय झालं?’’ त्याने पुढे विचारले. याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. निकाल आणि शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अनोळखी माणसाच्या दोन प्रश्नांत होते. आम्ही ते वर्गात कधी इतके नेमके सांगितले नव्हते.

सामना लवकर सोडून जाणाऱ्यांविषयी फुटबॉलच्या इतिहासात एक दंतकथा आहे. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना होता. शेवटच्या काही क्षणांत सेल्टिकने गोल केला आणि लगेच रेंजर्सने बरोबरी साधली. त्याच सुमारास तेरा क्रमांकाच्या जिन्यावर गर्दी कोसळली आणि ६६ माणसे मेली. पुढे कित्येक वर्षे सांगितले जाई की, निराश होऊन निघालेले प्रेक्षक बरोबरीच्या गोलाचा जल्लोष ऐकून मागे फिरले आणि उतरणाऱ्यांवर आदळले. कथा म्हणून ही रचना निर्दोष आहे. तीत मोह आहे, नियतीचा उपरोध आहे, शिक्षाही आहे. चौकशीत मात्र ती टिकली नाही. जिन्यावरचे सगळे एकाच दिशेने, खाली, घराकडे चालले होते. याच जिन्यावर १९६१ सालीही दोन माणसे चेंगरून मेली होती.

साहित्याच्या अभ्यासकाने या दंतकथेपाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. मागे फिरणाऱ्यांची गोष्ट लोकांना पटली, कारण तिला कथानक होते. उतरत्या जिन्याला कथानक नसते. पण त्या कथानकाने एक काम गुपचूप केले : दोष जिन्यावरून उचलून मेलेल्यांवर ठेवला. आपल्याकडेही हे होते. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे गेली, तेव्हा पुलाच्या रुंदीइतकीच चर्चा कुठली अफवा पसरली याची झाली. आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये १९७२ साली लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल आला, १९७३ला मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली आणि १९७५ला कायदा झाला. प्रेक्षकस्थानातून लोकांना आठ मिनिटांत बाहेर पडता आले पाहिजे, असा दंडक त्या मार्गदर्शिकेत पुढे रूढ झाला. आठ मिनिटे ही मोठी गोष्ट आहे. तरी तो हिशेब मैदानाच्या दारापाशी संपतो. दारापासून घरापर्यंतचे तास कोणाच्या हिशेबात धरायचे?

आमची गाडी मोशीला इंद्रायणीच्या पुलावरून गेली. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला काही किलोमीटरवर आळंदी. आळंदी आमच्याच खेड तालुक्यातली. दरवर्षी ज्येष्ठात इथून लाखो माणसे पायी निघतात, आणि त्या चालण्याला एक व्याकरण आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. कोणी कोणाच्या मागे चालायचे, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे, हे ठरलेले आहे. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. त्या शांततेत कुणाची कोणती वस्तू हरवली-सापडली ते सांगितले जाते, आणि उद्या पालखी किती वाजता निघणार तेही. बालेवाडीला ध्वनिक्षेपकावरून त्या रात्री पुष्कळ काही सांगितले गेले. शेवटची गाडी किती वाजता, हे आम्ही असेपर्यंत तरी ऐकले नाही.

वारीचे गोडवे गाऊन आधुनिक शहराला नावे ठेवणे सोपे आहे. तो मोह आम्हांलाही झाला, म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जाताना पायी गेलेले बहुतेक वारकरी परत येतात ते एसटीने. आषाढीला एसटी हजारो जादा गाड्या सोडते, पंढरपुरात त्यांच्यासाठी तात्पुरती स्थानके उभी राहतात. म्हणजे परतीचा विचार करता येतो, आणि तो याच राज्यात दरवर्षी होतो. ज्याच्याकडे गाडी नाही तोही या सोहळ्याचा धनी आहे, एवढे गृहीत धरावे लागते. पंढरपूरला ते गृहीत आहे. फुटबॉलच्या मैदानावर तिकीट विकताना ते गृहीत होते काय, हा आमचा प्रश्न आहे. तिकिटाची किंमत पाचाही जणांना सारखीच पडली होती आणि वाहनतळातल्या गाडीवाल्यालाही तीच.

पौणेबाराला आम्ही मावशींच्या दारात पोचलो. त्या जाग्याच होत्या. ‘‘झाली का मॅच बघून?’’ त्यांनी विचारले. मुलीने आमच्याकडे पाहिले आणि ‘‘झाली,’’ म्हणाली. वडिलांचा शब्द राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ आणि शेवटपर्यंत बसू, असे आम्ही तिला सांगितले. चारच दिवसांनी बेंगळुरूने परतीचा सामना ३-१ असा जिंकला. सुनील छेत्रीने तिन्ही गोल केले. पुढच्या मोसमात जाणे जमले नाही. २०१९ साली तो क्लबच विसर्जित झाला.

ती मुलगी आता एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी तिने तिच्या विद्यार्थिनींना आंतरशालेय फुटबॉल सामन्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी नेले. त्याआधी तिचा फोन आला होता. संघाविषयी किंवा सरावाविषयी तिने काही विचारले नाही. तिला एवढेच हवे होते, की सामने संपल्यावर वाड्याकडे जाणारी शेवटची गाडी नक्की किती वाजता सुटते, आणि मैदानापासून स्टँडपर्यंत मुली चालत गेल्या तर किती वेळ लागतो. आम्ही मैदानावरून स्टँडपर्यंत घड्याळ लावून चाललो आणि तिला कळवले.